स्वतःचं चॅपबुक कसं काढायचं? २४ पानांच्या पुस्तिकेमागचा कागद, कायदा आणि हिशेब

टपाल खात्याने १८ डिसेंबर २०२४ रोजी पुस्तकांसाठीची नोंदणीकृत बुक पोस्टची सोय बंद केली. मोठ्या प्रकाशकांनी तक्रारी केल्या, बातम्या झाल्या. पण सर्वात मोठा फटका ज्यांना बसला त्यांची चर्चा फारशी झाली नाही. पन्नास-साठ रुपये किंमत असलेल्या छोट्या पुस्तिका स्वतः छापून, स्वतःच पाकिटात घालून वाचकांना पाठवणारे लेखक-कवी ते हे. पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त झाला, तर असं पुस्तक काढायचं तरी कशाला?

दुसऱ्या बाजूला अशी पुस्तिका काढणं आज पूर्वी कधी नव्हतं इतकं सोपं झालंय. पंचवीस प्रतीही छापून मिळतात. आयएसबीएन क्रमांक मोफत मिळतो. पुस्तकांवरचा दीडशे वर्षांहून जुना छपाई कायदाही रद्द झालाय.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर नियमित लिहिणाऱ्या अनेकांच्या मनात कधी ना कधी 'आता पुस्तक काढावं' हा विचार येतो. प्रकाशकाकडे गेलं की एकतर वर्षभर उत्तर येत नाही, किंवा 'खर्च तुम्ही करा, नाव आमचं लावू' असा प्रस्ताव येतो. या दोन्हींच्या मधला एक मार्ग म्हणजे चॅपबुक. ते नेमकं काय असतं आणि ते काढायचं तर काय काय सांभाळावं लागतं, ते पाहू.

चॅपबुक म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये 'चॅपमन' म्हणजे फेरीवाला. सुया, दोरा, फिती यांच्यासोबत तो गावोगाव छोट्या पुस्तिकाही विकायचा. कागदाचा एक मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापायचा, त्याच्या घड्या घालायच्या, की ८, १२, १६ किंवा २४ पानांची पुस्तिका तयार. त्यात गोष्टी, गाणी, भविष्य, धार्मिक मजकूर असायचा. सोबत लाकडी ठशांची चित्रं. किंमत साधारण एक पेनी. स्वस्त वर्तमानपत्रं आल्यावर एकोणिसाव्या शतकात हा व्यापार ओसरला, पण नाव टिकलं. आज चॅपबुक म्हटलं की साधारण ४०-४८ पानांच्या आतली, मधोमध पिना मारलेली, बहुतेक वेळा कवितेची पुस्तिका समजली जाते.

युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी केलेल्या व्याख्येनुसार मुखपृष्ठ वगळून किमान ४९ पानं असतील तरच ते 'पुस्तक'. ५ ते ४८ पानं असली तर ती 'पुस्तिका'. भारतीय कायदा मात्र असा फरक करत नाही. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यात पुस्तिकाही 'पुस्तक'च धरली आहे. याचा परिणाम काय होतो ते पुढे येईल.

मराठीला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' नावाचं छोटं नियतकालिक सुरू केलं. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आणि त्यापाठोपाठ इतर लघुअनियतकालिकांची लाटच आली. सायक्लोस्टाइल हे त्या काळातलं अनेकांच्या आवाक्यातलं तंत्र. मेणकागदावर मजकूर कोरायचा, शाई फिरवायची आणि एकेक प्रत काढायची. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची परवानगी न मागता छापण्याचा तो मार्ग होता.

१९७६ साली मुंबईत आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी एकत्र येऊन 'क्लिअरिंग हाऊस' ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' पुस्तकरूपाने तिथूनच आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'ने काढला. कोलटकर व्यवसायाने ग्राफिक डिझायनर होते. पानाचा आकार, अक्षर, मोकळी जागा यांचा विचार कवीनेच केला तर पुस्तक कसं दिसतं, याचा तो नमुना आहे.

या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. स्वतः छापणं म्हणजे एकट्याने सगळं करणं नव्हे. या सगळ्यांच्या भोवती वाचणारे, सुचवणारे आणि नकार देणारे मित्र होते. प्रकाशक नसला तरी संपादक लागतोच.

पहिली पायरी: काय घ्यायचं आणि काय सोडायचं

चॅपबुक बिघडतं ते बहुधा छपाईत नाही, निवडीत. दोनशे पोस्टमधून सर्वाधिक लाइक मिळालेल्या पंचवीस कविता उचलल्या, की संग्रह होतो पण पुस्तिका होत नाही. पोस्ट एकेकटी वाचली जाते. छापील पानावर मात्र एका कवितेचा शेवट आणि पुढच्या कवितेची सुरुवात समोरासमोर येतात. एकच शब्द, एकच प्रतिमा चार ठिकाणी आली तर मोबाइलवर लक्षात येत नाही, कागदावर लगेच खटकते.

२४ पानांच्या पुस्तिकेत शीर्षकपान, तपशीलाचं पान, अनुक्रम आणि शेवटचं पान धरलं तर मजकुराला २० पानं उरतात. म्हणजे १५ ते १८ छोट्या कविता किंवा दोन-तीन लघुकथा. त्यामुळे एखादा विषय, एखादं गाव, एखादं वर्ष किंवा एखादी व्यक्ती असं एक सूत्र धरणं सोयीचं ठरतं.

निवड करताना उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी:

- सगळा मजकूर एका बाजूला छापून घ्यावा, जमिनीवर मांडावा आणि क्रम हाताने बदलून पाहावा.
- प्रत्येक कविता मोठ्याने वाचावी. अडखळायला होतं ती जागा खुणेने दाखवावी.
- लेखकाशी ओळख जपण्याची गरज नसलेल्या किमान एका वाचकाला कच्ची प्रत द्यावी.
- शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

दुसरी पायरी: चारचा पाढा

एक कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात. म्हणून पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत असतात: १६, २०, २४, २८. मजकूर २५ पानांचा झाला, तर एक पान कमी करावं लागतं किंवा तीन पानं मोकळी सोडावी लागतात. हा हिशेब मांडणीच्या आधी झाला पाहिजे.

ए-४ कागद दुमडला की ए-५ आकार (१४८ × २१० मिमी) मिळतो. झेरॉक्सच्या दुकानात किंवा घरच्या प्रिंटरवर पुस्तिका काढायची तर हाच आकार सोपा. प्रेसमध्ये डेमी आकार (सुमारे साडेपाच × साडेआठ इंच) सर्रास चालतो.

छापताना पानं क्रमाने येत नाहीत. २४ पानांच्या पुस्तिकेत सर्वात बाहेरच्या कागदावर एका बाजूला पान २४ आणि १, तर मागे २ आणि २३ येतात. प्रत्येक जोडीची बेरीज २५ होते, आणि मधल्या कागदावर १२ आणि १३ शेजारी येतात. ही जुळवणी हाताने करायची गरज नाही. पीडीएफ वाचण्याच्या बहुतेक प्रोग्राममध्ये 'बुकलेट' छपाईचा पर्याय असतो. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटवायची सूचना द्यायची, नाहीतर मागचं पान उलटं छापलं जातं.

आधी एक नमुना प्रत हाताने करावी. कोरे कागद दुमडावे, पानांना आकडे घालावे आणि कुठली कविता कुठे येते ते पेन्सिलने लिहावं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पान उलटल्यावर समोर काय येणार ते इथेच कळतं. एकच कविता पानाच्या पुढे-मागे तुटत असेल, तर ती डाव्या पानावर सुरू करून समोरासमोर घेता येते.

आतल्या पानांना ८० जीएसएमच्या आसपासचा, किंचित पिवळसर मॅपलिथो कागद वाचायला बरा. फार पातळ कागद घेतला तर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. मुखपृष्ठाला २१० ते २५० जीएसएमचा जाड कागद पुरतो. पिना मारल्यावर आतली पानं थोडी बाहेर डोकावतात, म्हणून शेवटी तिन्ही कडा कापून घ्याव्या लागतात. त्यामुळे मजकूर कडेपासून पुरेसा आत हवा.

तिसरी पायरी: मराठी अक्षरांचा त्रास

मराठी पुस्तिकेत सर्वाधिक चुका घुसतात त्या फाइल प्रेसमध्ये गेल्यावर. लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो. अनेक प्रेस आणि डीटीपी करणारे आजही श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना 'दर्‍या' मधला र्‍, 'ॲ', रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं बिघडण्याची शक्यता असते. म्हणून मूळ फाइल तपासली तरी पुरत नाही. रूपांतरानंतरचं प्रूफ ओळीगणिक वाचावं लागतं.

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' पाहावेत. मराठी आणि हिंदी वळणात ही दोन अक्षरं वेगळी दिसतात, आणि काही फॉन्ट आपोआप हिंदी वळण घेतात. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. 'टिरो देवनागरी मराठी' हा खास मराठीसाठी घडवलेला फॉन्टही तसाच मोफत आहे. एका पुस्तिकेत एक फॉन्ट मजकुराला आणि फार तर दुसरा शीर्षकांना, एवढं पुरतं.

मोबाइलच्या पडद्यावर ओळ आपोआप मोडते. कागदावर ती कुठे मोडायची हे कवीने ठरवायचं असतं. लांब ओळ ए-५ पानावर मावत नसेल, तर उरलेला भाग आत सरकवून लिहितात, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचकाला कळतं.

किती प्रती छापायच्या?

इथेच बहुतेकांचे पैसे अडकतात. ऑफसेट छपाईत प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच होतो, मग प्रती वाढतील तसा दर उतरतो. डिजिटल छपाईत सुरुवातीचा खर्च जवळपास नसतो, पण प्रत्येक प्रतीचा दर तोच राहतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डिजिटलमध्ये एका प्रतीला ३५ रुपये पडतात. ऑफसेटमध्ये सुरुवातीचे ८,००० रुपये आणि वर प्रत्येक प्रतीला १५ रुपये. १०० प्रतींना डिजिटल ३,५०० आणि ऑफसेट ९,५०० रुपये. ४०० प्रतींना दोन्ही सारखेच, म्हणजे १४,००० रुपये. ५०० प्रतींना ऑफसेट १५,५०० आणि डिजिटल १७,५००.

प्रेसवाला म्हणणार, "पाचशे काढा, प्रत एकतीस रुपयांत पडते." गणित खरं आहे. पण ६० रुपयांना १२० प्रतीच खपल्या, तर हातात येतात ७,२०० रुपये आणि घरात राहतात ३८० प्रती. याउलट १०० डिजिटल प्रती काढल्या, २० भेट दिल्या आणि ८० विकल्या, तर ४,८०० रुपये येतात. छपाई वजा जाता १,३०० उरतात आणि पुन्हा छापायची वाट मोकळी राहते. स्वस्त प्रत तीच, जी खपते.

प्रेसचं दरपत्रक घेताना कागद, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, पिना, कटिंग, कर आणि वाहतूक धरली आहे का, हे लेखी विचारावं. छापील पुस्तकांच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे, पण छपाईच्या कामावर तो लागतो. म्हणून तो दरात धरलाय की वेगळा, हे आधीच स्पष्ट करून घ्यावं.

कायदा काय सांगतो?

१८६७ चा छपाई आणि ग्रंथनोंदणी कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. नव्या कायद्यातून पुस्तकं वगळली आहेत. तो वृत्तपत्रं आणि नियतकालिकांपुरता आहे. एकदाच निघणाऱ्या कवितांच्या पुस्तिकेला त्याखाली नोंदणी लागत नाही. बातम्या किंवा चालू घडामोडींवर भाष्य असलेलं काही ठरावीक मुदतीने काढायचं असेल, तर मात्र नोंदणीचा प्रश्न येतो.

आयएसबीएन कायद्याने सक्तीचा नाही. दुकानं, ग्रंथालयं आणि ऑनलाइन विक्रीसाठी तो उपयोगी पडतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून लेखक स्वतःच्या नावाने तो मोफत घेऊ शकतो. छापील आणि ई-बुक अशा दोन आवृत्त्या असतील तर दोन वेगळे क्रमांक लागतात. कुणी 'आयएसबीएनचे पैसे' मागत असेल, तर ते अर्ज भरून देण्याची फी आहे, क्रमांकाची किंमत नाही.

लेखनाचा कॉपीराइट लिहिताक्षणी लेखकाकडे येतो. नोंदणी ऐच्छिक आहे. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. हेच दुसऱ्या बाजूनेही लागू होतं. पुस्तिकेच्या सुरुवातीला आवडत्या गाण्याच्या ओळी, इंटरनेटवरून उचललेलं चित्र किंवा हयात कवीच्या कवितेचा अनुवाद घालायचा, तर परवानगी लेखी हवी.

पैसे घेऊन छापणाऱ्या प्रकाशकाशी करार करत असाल, तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ माहीत हवं. हक्कांचं हस्तांतर लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते हस्तांतर संपुष्टात येतं. 'कायमस्वरूपी सर्व हक्क' अशी एकच ओळ या सगळ्या संरक्षणावर पाणी फिरवू शकते.

टपालाचं काय?

बुक पोस्टवरून टीका झाल्यानंतर टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकीट कुठवर पोहोचलं ते पाहता येतं. व्यावसायिक स्वरूपाचा किंवा जाहिराती असलेला मजकूर चालत नाही आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं.

ही शेवटची अट घरी छापणाऱ्यांनी विसरू नये. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर प्रकाशक, मुद्रक, गाव, वर्ष आणि आवृत्ती यांच्या चार ओळी असाव्यात. पहिल्यांदा जाताना प्रत सोबत नेऊन टपाल कार्यालयात ती या सेवेत बसते का, हे विचारून घेणं बरं.

आता वजनाचा हिशेब. ए-५ आकाराची, २४ पानांची, ८० जीएसएम कागदाची आणि जाड मुखपृष्ठाची पुस्तिका साधारण ४५ ग्रॅम भरते. म्हणजे लिफाफा धरून पाच प्रती ३०० ग्रॅमच्या आत बसतात. एकेक प्रत पाठवली तर टपालखर्च २० रुपये आणि कर. पाच एकत्र पाठवल्या तर प्रतीमागे चार रुपयांच्या आसपास. म्हणूनच नाशिकला एक मित्र, कोल्हापूरला एक वाचक, पणजीला एक ओळखीचं दुकान अशी साखळी इथे कामी येते. दुकानाचं कमिशन अनेकदा छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असतं, हे किंमत ठरवतानाच धरावं लागतं. साठ रुपयांतले वीस-पंचवीस तिथेच जातात.

चार प्रती बाजूला ठेवा

१९५४ चा कायदा पुस्तिकेलाही पुस्तक मानतो, याचा अर्थ इथे लागतो. प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः छापणारा लेखक इथे स्वतःच प्रकाशक असतो. छोट्या पुस्तिका काढणारे अनेकजण हे करत नाहीत, कारण त्यांना ते ठाऊकच नसतं.

शंभरातल्या चार प्रती फुकट देणं महाग वाटू शकतं. पण लघुअनियतकालिकांचे किती अंक आज शोधूनही मिळत नाहीत, ते त्यावर अभ्यास करणाऱ्यांना विचारावं. ज्यांनी ते काढले त्यांनीही सगळे अंक जपले नाहीत. सोशल मीडियावरची कविता खातं बंद पडलं की जाते. मित्रांना दिलेल्या प्रती घर बदलताना रद्दीत जातात. नोंद होऊन ग्रंथालयाच्या कपाटात गेलेली ४५ ग्रॅमची पुस्तिका मात्र पन्नास वर्षांनी कुणीतरी मागवू शकतं. पाकिटं भरायला बसाल, तेव्हा पहिली चार तिकडची असू द्या.